एसी घेताना आणि वापरताना या चुका टाळा

माझी ताई नागपूरला राहते, मी डोंबिवलीत. दोघांच्याही झोपायच्या खोल्या साधारण दहा बाय बाराच्या. तिच्याकडे दीड टनाचा एसी आहे, माझ्याकडे एक टनाचा, आणि दोन्ही एसी आपापल्या जागी बरोबर आहेत. एसी बसवण्या-दुरुस्तीच्या कामात असल्यामुळे मार्च लागला की मला एकच प्रश्न सारखा येतो: "एवढ्या स्क्वेअर फुटाला किती टन लागेल?" या प्रश्नाचं खरं उत्तर फक्त स्क्वेअर फुटांत मिळत नाही. चुकांची सुरुवात तिथूनच होते.

टन म्हणजे मशीनचं वजन नव्हे. एक अमेरिकन टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी उष्णता खोलीतून बाहेर फेकण्याची ताकद म्हणजे एक टन. आकड्यांत ताशी १२,००० बीटीयू (उष्णता मोजायचं एक एकक), किंवा साधारण ३.५ किलोवॅट. त्यामुळे खोली केवढी आहे यापेक्षा खोलीत उष्णता किती येते, हे आधी बघावं लागतं.

दुकानात सांगतात तो हिशोब असा: १२० स्क्वेअर फुटांपर्यंत एक टन, १८० पर्यंत दीड टन. मधल्या मजल्यावरच्या, सावलीतल्या खोलीला तो चालतो. वर गच्ची असेल तर मात्र गणित बदलतं. दिवसभर तापलेली स्लॅब सूर्य मावळल्यावरही कितीतरी तास खाली उष्णता सोडत राहते, म्हणजे नेमकी आपण झोपायला जातो तेव्हा. पश्चिमेची भिंत आणि मोठी काच असलेली खिडकी हेही तसंच. शांत बसलेला एक माणूस साधारण १०० वॉट उष्णता देतो, म्हणजे हॉलमध्ये सहा जण जमले तर तेवढ्यानेच एक टनाच्या एसीची सहाव्या हिश्शाची ताकद गेली. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना मी आधी गच्चीला उष्णता परतवणारा पांढरा रंग द्यायला आणि खिडकीला बाहेरून सावली करायला सांगतो. अर्धा टन मोठं मशीन घेण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

आता नागपूर. एसीची क्षमता मोजतात ती बाहेर ३५ अंश असताना. मे महिन्यात विदर्भात पारा ४५ च्या आसपास असतो, तेव्हा तेच मशीन कमी थंडावा देतं आणि वीज जास्त खातं. म्हणून तिथे थोडी जास्त क्षमता घ्यावी, आणि बाहेरचं तापमान किती असेपर्यंत मशीन चालेल हा आकडा माहितीपत्रकात बघून घ्यावा. ताईच्या घरी एक मोठी चूक चालू होती, ती विदर्भात बऱ्याच घरांत दिसते: एसी लागेना म्हणून त्याच खोलीत कूलरही चालू. कूलर हवेत पाणी सोडतो आणि एसीला तेच पाणी पुन्हा हवेतून काढावं लागतं. त्याची बरीच ताकद तिथेच जिरते. कूलर चालवायचा तर खिडकी उघडी ठेवून एकट्याने, एसी चालवायचा तर दारं-खिडक्या बंद करून एकट्याने.

मुंबई-ठाण्यात चूक नेमकी उलटी होते. "मोठा घेऊन ठेवू, लवकर गार होईल" म्हणून शंभर फुटांच्या खोलीत दीड टन बसवतात. खोली पाच-दहा मिनिटांत गार होते, कॉम्प्रेसर थांबतो, पण हवेतला दमटपणा काढायला कॉइलला, म्हणजे आतल्या थंड नळ्यांच्या जाळीला, वेळच मिळत नाही. मग २२ अंशांवरही अंग चिकचिकतं आणि चादर ओलसर लागते. इन्व्हर्टर एसी आपला वेग कमी करतो, पण त्यालाही खालची मर्यादा असते. किनाऱ्यावर एसीचं एक मोठं काम हवा कोरडी करण्याचं आहे आणि त्यासाठी तो सलग चालायला हवा.

खरेदीच्या वेळी "दीड टन" या शब्दावर जाऊ नका. पूर्ण दीड टन म्हणजे सुमारे ५,२७५ वॉट. त्याच नावाने ४,८०० वॉटची मशीनही विकली जातात. बीईई (स्टार देणारी, वीज-बचतीचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था) हिच्या लेबलवर क्षमतेचा आकडा छापलेला असतो, दोन मॉडेलांची तुलना त्यावरून करा. वार्षिक युनिटांचा आकडा १,६०० तासांच्या वापरावर काढलेला असतो, म्हणजे रोज आठ तास असं दोनशे दिवस. तुम्ही फक्त एप्रिल-मेमध्ये रात्री तीन-चार तास लावणार असाल तर फाइव्ह स्टारचे जास्तीचे पैसे वसूल व्हायला फार वर्षं लागतील. लेबल कुठल्या वर्षाचं आहे तेही बघा, कारण निकष कडक होत जातात आणि जुन्या लेबलवरचे पाच स्टार नव्या निकषांत तेवढे राहत नाहीत.

बसवताना सगळ्यात जास्त हाल होतात ते बाहेरच्या युनिटचे. इमारतीच्या अरुंद डक्टमध्ये, नाहीतर बॉक्स ग्रिलमध्ये कुंड्या आणि जुन्या बादल्यांच्या मागे त्याला कोंबतात. त्याने फेकलेली गरम हवा तिथेच फिरून पुन्हा त्याच्यातच जाते. पावसाळ्यात त्यावर प्लास्टिक बांधून तसाच एसी चालवणं तर मशीनचा जीव घेणं आहे. ते युनिट पावसात राहण्यासाठीच बनवलेलं असतं.

आता ज्या गोष्टीचा मला मनापासून राग येतो ती सांगतो. एसी गार करत नाही म्हटलं की "गॅस संपलाय" हे ठरलेलं उत्तर. गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरतो आणि मशीन धड असेल तर वर्षानुवर्षं तेवढाच राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता भरलेला गॅस पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुन्हा जाणार. माझ्या आईकडून एका मेकॅनिकने लागोपाठ तीन वर्षं गॅसचे पैसे घेतले. मी उघडून बघितलं तर नटाच्या जोडावर तेलाचा डाग होता. जोड नव्याने करायला अर्धा तास लागला.

म्हणून कोणालाही बोलावण्याआधी स्वतः तपासा. फिल्टर धुवा, एसी पंधरा-वीस मिनिटं चालवा आणि साधा थर्मामीटर आधी वरच्या जाळीपाशी, मग हवा बाहेर पडते तिथे धरा. फरक ८ ते १२ अंश असेल तर मशीन बहुधा ठीक आहे, दोष खोलीतल्या उष्णतेत शोधा. फरक कमी असेल तर बाहेरचं युनिट धुळीने बुजलंय का बघा. आतल्या कॉइलवर बर्फ जमत असेल तर एसी बंद करून फक्त फॅन मोडवर ठेवा. बर्फ वितळल्यावर, स्वच्छ फिल्टर असूनही पुन्हा जमला, तर गॅस कमी असण्याची शंका खरी. मग मेकॅनिककडून चार गोष्टी करून घ्या: नायट्रोजनच्या दाबाने गळती शोधणं, ती दुरुस्त करणं, पंपाने व्हॅक्यूम काढणं (नळ्यांतली हवा आणि ओल ओढून घेणं), आणि मशीनवरच्या पट्टीवर लिहिलेल्या ग्रॅमइतकाच गॅस वजन करून भरणं. एसीत आर-३२ नावाचा गॅस असेल तर तो पेट घेऊ शकतो, त्यामुळे नळीत गॅस असताना कोणालाही जोड झाळायची गॅसबत्ती पेटवू देऊ नका.

खाडीजवळ किंवा नाल्याकाठी राहणाऱ्यांनी आपली चांदीची भांडी बघावीत. ती भराभर काळी पडत असतील तर नाल्यातला तोच वायू तांब्याच्या कॉइललाही खातोय. तिथे संरक्षक लेप असलेली कॉइल घ्या आणि वाढीव वॉरंटीत कॉइल धरली आहे का, हे लेखी विचारा.

रिमोटवर १६ लावल्याने खोली लवकर गार होत नाही. तापलेल्या खोलीत कॉम्प्रेसर सुरुवातीला तसाही पूर्ण ताकदीने चालतो, १६ मुळे तो नंतर थांबत नाही एवढंच. जानेवारी २०२० पासून स्टार लेबलचे एसी मुळातच २४ वर सुरू होतात. बीईईच्या म्हणण्यानुसार एक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते. २५-२६ वर ठेवून पंखा मंद लावा. महावितरणच्या बिलात १०० आणि ३०० युनिटांनंतर दर चढतो, म्हणून ही बचत दिसते त्याहून मोठी असते.

फिल्टर दर पंधरा दिवसांनी नळाखाली धुवायचा, त्याला कोणाची गरज नाही. कॉइलची सर्व्हिस उन्हाळ्याआधी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा पुरते. आतल्या युनिटमधून पाणी टपकत असेल तर नव्वद टक्के वेळा माझ्या हाताला ड्रेन पाइपात बुळबुळीत शेवाळच लागलेलं आहे, नाहीतर पाइप मध्येच वर उचललेला असतो. मेकॅनिक निघण्याआधी त्याला ट्रेमध्ये मगभर पाणी ओतायला सांगा आणि ते बाहेरच्या नळीतून धारेने पडतंय हे स्वतः बघा, मगच त्याचे पैसे द्या.