तारकर्लीहून कॅराव्हॅन घेऊन पुण्याला परत निघताना

जाताना सगळे उत्साहात असतात, याद्या करतात, पिशव्यांना चिठ्ठ्या लावतात, आणि परत येताना मात्र ओले टॉवेल आणि वाळू एकत्र कोंबून निघायचं, असंच चालतं बहुतेक घरांत. साध्या कारला चालून जातं ते, पण कॅराव्हॅन म्हणजे चालतं घर आहे आणि तारकर्ली ते पुणे जवळपास चारशे किलोमीटर, मध्ये घाट. त्यामुळे परतीची तयारी आदल्या दिवशी संध्याकाळीच करायची, सकाळी फक्त चहा आणि चाकं.

सगळ्यात आधी टॉयलेटची कॅसेट (म्हणजे खालची काढता येणारी मैल्याची टाकी), कारण हे काम कुणालाच नको असतं आणि मग ते तसंच राहतं नि घाटात वळणावळणाला आठवण करून देतं. आपल्याकडे परदेशासारख्या रिकामं करायच्या खास जागा सहसा मिळत नाहीत, तेव्हा जिथे गाडी लावलीये त्या होमस्टेवाल्यांना नीट विचारून त्यांच्या संडासात हळूहळू ओतायची, मागून भरपूर पाणी. खाडीत नाही, माडाच्या मुळाशी नाही, रात्रीच्या अंधारात तर अजिबात नाही. सिंकचं सांडपाणी पण तिथेच सोडून यायचं, भरलेली टाकी घाटावर चढवायची काही गरज नाही. चांगल्या पाण्याची टाकी पाव ठेवली तरी पुरते, वाटेत हात धुवायला तेवढं बास.

मग आतलं आवरणं. गॅस शेगडीवर बंद केला म्हणजे बंद झाला असं नाही, सिलेंडरचा रेग्युलेटर बंद करायचा. जड सामान खाली, डबे-बाटल्या कपाटात कपडे कोंबून घट्ट बसवायच्या, नाहीतर फोंडाघाटात स्टीलच्या डब्यांची भजनी मंडळी सुरू होते ती थेट राधानगरीपर्यंत. छताची खिडकी, पायरी, बाहेरची ताडपत्री, विजेची केबल, ह्या चार गोष्टी एकाच माणसाने बघायच्या, बाकीच्यांनी "बघितलंय मी" म्हटलं तरी. ताडपत्री ओली गुंडाळावी लागली तर घरी आल्यावर त्याच दिवशी वाळत घाला, बुरशी फार पटकन धरते.

आता कोकणातली खरेदी. कोकम आगळाची बाटली कधीच पूर्ण घट्ट नसते हे गृहीत धरूनच चालायचं, झाकणाला चिकटपट्टी, वर पिशवी, आणि बाटली बादलीत उभी. सीटवर आगळ सांडलं की भाड्याच्या गाडीचं डिपॉझिट गेलंच समजा. सोडे, सुकट, सुका बांगडा घेतला असेल तर (घेणारच!) दोन पिशव्या, वर घट्ट झाकणाचा डबा, आणि तो डबा बाहेरच्या डिकीत. एसी लावलेल्या बंद गाडीत सुकट ठेवणाऱ्याशी चारशे किलोमीटर कुणी बोलत नाही. आंब्याच्या पेट्या मात्र आत, पण पट्ट्याने बांधून.

टायरची हवा सकाळी गाडी थंड असतानाच बघायची, वाळूत घालायला कमी केली असेल तर आठवणीने भरायची. समुद्राजवळ उभी होती म्हणून खालून गोड्या पाण्याचा एक मारा द्या. डिझेल कुडाळ किंवा कणकवलीला भरून घ्या, बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांच्या) गाडीत धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत युरियाचं द्रावण लागतं, त्याचा काटा पण बघा, आणि फास्टॅगचा बॅलन्स, कारण किणी, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर असे चार टोल रांगेत आहेत. घाट कुठला घ्यायचा ते आदल्या रात्री स्थानिक माणसाला विचारून ठरवा, करूळ घाट दुरुस्तीला किंवा दरडीमुळे बंद असतो कधी कधी आणि मॅप सांगेलच असं नाही. फोंडाघाटाने गेलात तर दाजीपूरच्या पट्ट्यात पहाटे धुकं असतं आणि गवे रस्त्यावर येतात, घाई नको. गावातल्या गल्ल्यांमधून बाहेर पडताना एकाने खाली उतरून लोंबत्या वायरी नि फांद्या बघायच्या, गाडीची उंची आपल्या रोजच्या सवयीत नसते.

ड्रायव्हर सोबत असेल तर त्यांची झोप हा तयारीचाच भाग आहे. आपण रात्री दोनपर्यंत पत्ते कुटणार आणि दादांना डासांत पुढच्या सीटवर झोपवणार, मग पहाटे पाचला निघू या म्हणणार, हे बरोबर नाही. खोली घ्या त्यांच्यासाठी. स्वतः चालवणार असाल तर हाच नियम स्वतःला. आणि गाडी चालू असताना मागच्या बेडवर कुणीही आडवं व्हायचं नाही, पोरं तर नाहीच, सगळे सीटवर, पट्टा लावून. ज्यांना गाडी लागते त्यांना समोर तोंड करून बसवा, उलटीची गोळी घाट सुरू व्हायच्या आधी अर्धा तास.

लोक घाटाला घाबरतात, पण कोकणातून येताना घाट चढायचा असतो, तिथे ब्रेकवर फारसा ताण नसतो, इंजिन तापतंय का एवढं बघायचं. खरी परीक्षा शेवटी आहे. खंबाटकीचा जुना बोगदा संपल्यावरचं ते एस वळण, आणि कात्रजचा नवा बोगदा ओलांडला की नवले पुलापर्यंतचा सलग उतार. नेमकं तेव्हा सगळ्यांना वाटत असतं आलंच घर, फोन सुरू होतात, "भात टाक" वगैरे. तिथे खालचा गिअर, न्यूट्रल अजिबात नाही, आणि मागून ट्रक येतोय का ते आरशात. म्हणून साताऱ्याच्या पुढे एक थांबा ठेवाच, भूक नसली तरी, चहा प्या, पाय मोकळे करा. रविवारी संध्याकाळी पुण्यात शिरायचं तर टाळाच, दुपारी तीनच्या आत पोचेल असं बघा.

गाडी परत देताना आतून-बाहेरून व्हिडिओ काढून ठेवा, डिझेलचा काटा पण त्यात येऊ दे. आणि फ्रीज उघडून बघा, बेडखालचे खण पण. चार्जर, चष्मे आणि आजीच्या गोळ्या तिथेच असतात.