सस्पेन्शन लिंकसाठी माल घेण्याआधी

सस्पेन्शन लिंक म्हणजे अ‍ॅक्सल आणि चासी जोडणारा दांडा. पाइपचं दुकान गाठण्याआधी गाडीखाली आडवे व्हा आणि कुठल्या लिंकच्या वाट्याला काय येतं ते बघून ठेवा. वरच्या लिंक्स बहुतेक वेळ नुसत्या ओढल्या-दाबल्या जातात. खालच्यांवर गाडी दगडावर टेकते आणि भार नेमका मधोमध पडतो. त्यामुळे चारही लिंक्सना एकच पाइप लावायचा विचार असेल तर तो माल खालच्या लिंकच्या हिशेबाने घ्या. मापं जॉइंटच्या मध्यापासून मध्यापर्यंत घ्या, तीही गाडी नेहमीच्या उंचीवर उभी असताना. शक्यतो लिंक सरळच ठेवा. बाक दिलेली लिंक ओढताना-दाबतानाही वाकायला बघते.

पाण्याचा पाइप यादीतून खोडा. ईआरडब्ल्यू म्हणजे पट्टी गोल वळवून वेल्ड केलेला पाइप. आतून बोट फिरवलं की बहुधा शिवण लागते. डीओएमचा जन्मही तसाच, पण नंतर त्याच्या आत मँड्रेल (पोलादी गाभा) घालून तो थंडच ओढतात. शिवण दबून सपाट होते, मापं नेमकी येतात, यील्ड (म्हणजे कायमचा बाक यायला लागणारा ताण) साधारण ४८० मेगापास्कलपर्यंत जाते. बहुतेक गाड्यांना एवढं पुरतं.

ग्रेडवर पैसे घालण्याआधी व्यास वाढवता येतो का बघा. पाव इंच जाडीचा पाइप पावणेदोनऐवजी दोन इंची घेतला तर वजन सुमारे १७ टक्के वाढतं, पण वाकण्याविरुद्धची ताकद ३८ टक्के. हा सौदा मी कधीही घेईन. मात्र टायर पूर्ण वळवून आणि सस्पेन्शन पूर्ण दाबून जागा उरते का, हे आधी तपासा.

क्रोमोलीचं, म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाचं, नाव ऐकून हुरळू नका. त्यातल्या ४१३० ग्रेडची, नॉर्मलाइज्ड (तापवून हवेत निवू दिलेल्या) अवस्थेतली यील्ड चांगल्या डीओएमच्या आसपासच असते आणि ताठपणा तर सगळ्या पोलादांचा जवळपास सारखाच. खरा फायदा हीट ट्रीटमेंट (तापवून झटकन थंड करून कडक करणं) केली तर. म्हणून टेस्ट सर्टिफिकेटवर माल कुठल्या कंडिशनमधला आहे ते वाचा. जाड भिंत वेल्ड करण्याआधी गरम करून घ्या, नंतर सावकाश निवू द्या. पाणी अजिबात ओतू नका.

दगडधोंड्यांतच फिरायचं असेल तर खालच्या लिंक्ससाठी ७०७५-टी६ अ‍ॅल्युमिनियमचा भरीव बार बघाच. यील्ड ५०० च्या घरात आणि ताठपणा पोलादाच्या साधारण एक तृतीयांश, त्यामुळे कायमचा बाक येण्याआधी तो जवळजवळ तिप्पट लवतो आणि परत सरळ होतो. दोन इंची बार मीटरला पावणेसहा किलोच्या आसपास भरतो, आधी सांगितलेला पाव इंच जाडीचा दोन इंची पोलादी पाइप सात किलो. पण तो वेल्ड करायचा नाही, टोकांना थेट आटे पाडायचे, आट्यांना अँटीसीझ (आटे जाम होऊ न देणारं वंगण) लावायचं. खोल ओरखडे घासून गुळगुळीत करत राहा, चीर तिथूनच सुरू होते. दिसायला हुबेहूब असलेला ६०६१-टी६ गळ्यात पडू देऊ नका. त्याची यील्ड २७५ च्या आसपासच.

उरली टोकं. एका टोकाला उजवे, दुसऱ्याला डावे आटे ठेवले की लिंक न काढता लांबी जुळवता येते. रॉड एंड (लिंकच्या टोकाला आट्यांनी बसणारा गोलाकार जॉइंट) आपल्या आट्यांच्या व्यासाच्या निदान दीडपट आत गेला पाहिजे. बोल्ट १०.९ ग्रेडचे घ्या, पण लांबी अशी निवडा की ब्रॅकेटच्या भिंतीत आटे न येता सपाट दांडा येईल. पहिल्या फेरीनंतर चेक नट (रॉड एंड जागेवर पक्का धरणारे नट) पुन्हा आवळायचे आहेत, तेव्हा त्या मापाचा पाना गाडीतच टाका.