पेडिक्युअर करून घेताना संसर्ग कसा टाळावा

पेडिक्युअरची वेळ ठरली की पहिले पथ्य असे की, त्याआधी किमान २४ तास पायांवर रेझर फिरवू नये आणि वॅक्सिंगही करू नये. केस काढताना त्वचेला डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरा पडतात आणि टबातील पाण्यात जंतू असल्यास त्यांना आत शिरण्यासाठी तेवढी वाट पुरते. सन २००० मध्ये कॅलिफोर्नियातील वॉट्सनव्हिल येथे एकाच नेल सलूनमध्ये गेलेल्या शंभराहून अधिक ग्राहकांच्या पायांवर गळवे उठली. पेडिक्युअरपूर्वी पाय शेव्ह केलेल्यांना धोका अधिक असल्याचे त्या तपासात आढळले. कारण ठरलेला जंतू होता मायकोबॅक्टेरियम फॉर्ट्युइटम. तो नळाच्या पाण्यातही सापडतो. मात्र तेथे पाणी खेळवणाऱ्या टबांच्या जाळीमागे केस आणि त्वचेचा मळ साचून त्याला वाढण्यास उत्तम जागा मिळाली होती.

म्हणून पार्लरमध्ये गेल्यावर आधी टबाकडे पाहावे. मोटारने पाणी फिरवणाऱ्या चकचकीत टबापेक्षा साधे प्लास्टिकचे घमेले अधिक सुरक्षित असते, कारण त्यात मळ लपून राहील अशी नळी किंवा जाळी नसते आणि ते साबणाने घासून धुता येते. प्रत्येक ग्राहकानंतर टब धुऊन त्यात जंतुनाशक घातले जाते का, आणि जाळी शेवटची कधी उघडली होती, हे विचारावे. 'ताई, हे कशाने धुता?' एवढ्या प्रश्नाने कोणाचा अपमान होत नाही. चांगल्या पार्लरमध्ये उत्तर तयारच असते.

त्यानंतर अवजारे. नेलकटरच्या सांध्यात नखांची पांढरट भुकटी अडकलेली दिसली, तर ते कोणत्याही द्रावणात बुडवलेले असले तरी त्याचा फारसा उपयोग नाही, कारण मळाखाली जंतुनाशक पोहोचत नाही. आधी साबणपाण्याने घासणे आणि मग जंतुनाशकाच्या डब्यावर लिहिलेला पूर्ण वेळ (बहुधा १० मिनिटे) त्यात बुडवून ठेवणे, हाच क्रम योग्य होय. दाबाखालील १२१ अंश सेल्सिअसच्या वाफेत किमान १५ मिनिटे अवजारे ठेवणारे ऑटोक्लेव्ह असल्यास उत्तमच. निळा दिवा असलेल्या, अतिनील किरणांच्या पेटीचा मात्र अनेकांवर नको इतका प्रभाव पडतो. प्रकाश जेथे पडतो तेवढ्याच पृष्ठभागावर तिचा परिणाम होत असल्याने ती निर्जंतुकीकरणाची जागा घेऊ शकत नाही. कागदी कानस, लाकडी काडी आणि प्युमिस स्टोन सच्छिद्र असल्यामुळे ते नीट निर्जंतुक होतच नाहीत. ही तीन साधने स्वतःची न्यावीत, आणि नेलकटर व वजरीही घरचीच असल्यास प्रश्नच मिटला.

काही गोष्टींना स्पष्ट नकार द्यावा. नखाच्या मुळाशी असलेली क्युटिकल ही जंतूंना अडवणारी कड आहे. ती कापल्यास नखुरडे होण्याची शक्यता वाढते, म्हणून ती फक्त हलकेच मागे सारण्यास सांगावे. टाचेची कातडी ब्लेडने तासू देऊ नये. रक्त आल्यास काम तेथेच थांबवून जखम धुवावी, आणि ते अवजार पुन्हा वापरू देऊ नये: रक्तातून पसरणाऱ्या हिपॅटायटिस बी या यकृताच्या आजाराचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरतो.

बोटांच्या बेचक्यांत चिखल्या असतील, पायावर जखम असेल किंवा नख जाड होऊन पिवळे पडले असेल, तर भेट पुढे ढकलावी. नेल पॉलिशने नखाची बुरशी झाकली जाते, बरी होत नाही. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पार्लरमध्ये पेडिक्युअर करूच नये, कारण पाण्याचा चटका किंवा लागलेली चीर त्यांना कळत नाही.

नंतर नखाच्या कडेला लाली, ठणका किंवा पू दिसल्यास घरी टोचून पाहू नये. पिंडरीवर कीटक चावल्यासारखा फोड येऊन तो काही आठवड्यांत वाढत गेला, तर पेडिक्युअर केल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. वॉट्सनव्हिलसारखी गळवे महिनोन्महिने रेंगाळतात, नेहमीच्या अनेक प्रतिजैविकांना दाद देत नाहीत, आणि पेडिक्युअरचा उल्लेख झाला तरच त्यांच्यासाठी वेगळी तपासणी करण्याचे डॉक्टरांना सुचू शकते.