कंदिलाची काच काजळू नये म्हणून

काच काळी पडली की दोष बहुतेक वेळा वातीचा असतो. वात सरळ रेषेत कापा, दोन्ही कोपरे किंचित गोल करा. कोपरा टोकदार राहिला की ज्योतीला शिंग फुटतं आणि त्या बाजूची काच काजळते. टाकी पाऊणच भरा, रॉकेलच घाला. नवी वात 10-15 मिनिटं मुरू द्या, नाहीतर रॉकेलऐवजी सूतच जळतं. पेटवल्यावर वात बारीक ठेवा, काच तापली की हळूहळू वाढवा. पुसायची ती पूर्ण गार झाल्यावर, चाळलेली राख आणि कोरडं फडकं घेऊन (जुन्या वर्तमानपत्राचा बोळा त्याहून बरा). तापलेल्या काचेवर पाण्याचा थेंब उडाला तरी ती तडकते.