कासचा जांभा उपग्रहचित्रावरून कसा आखावा

साताऱ्याच्या पश्चिमेला डोंगराच्या अंगाला काळा बेसाल्ट आणि माथ्यावर जांभा, म्हणजे लोहयुक्त तांबडा सच्छिद्र खडक. या दोन्हींमधली हद्द सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांच्या मोफत चित्रांवरून क्यूजीआयएस या नकाशे करण्याच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आखता येते.

चित्र मार्च ते मेमधलं, ढग नसलेलं, एल२ए प्रतीचं (हवेचा परिणाम काढून टाकलेलं) घ्या. सप्टेंबरात पठार फुलांनी झाकलेलं असतं, खडक दिसतच नाही. वणवा लागून गेलेल्या उतारांपासूनही सावध राहा. जळकं गवत चित्रात हुबेहूब बेसाल्टसारखं काळं दिसतं.

जांभ्यातलं लोह निळा प्रकाश शोषतं, लाल परतवतं. म्हणून क्यूजीआयएसच्या रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये (चित्राच्या आकड्यांवर गणित करणारं साधन) पट्टा ४ (लाल) ला पट्टा २ (निळा) ने भागा. पण आधी दोन्हींतून १००० वजा करा. २५ जानेवारी २०२२ पासूनच्या चित्रांत हे १००० मिळवलेले असतात आणि बहुतेकांची चूक इथेच होते. लाल २२००, निळा १५०० असेल तर खरं गुणोत्तर १२०० भागिले ५००, म्हणजे २.४, वजाबाकी राहिली तर १.४७. जांभा-बेसाल्टमधला फरकच पुसला जातो. काही संकेतस्थळांवर चित्र आधीच दुरुस्त करून मिळतं. ते ओळखायला कोयनेच्या शिवसागर जलाशयात खोल पाण्यावर पट्टा १२ (अवरक्त) चा आकडा पाहा, तिथे पाणी जवळपास काहीच परतवत नाही: हजाराच्या आसपास असेल तर वजाबाकी बाकी आहे.

पुढे एनडीव्हीआय (हिरवळ मोजणारा निर्देशांक) ०.३ पेक्षा जास्त असलेली जागा वगळा. गुणोत्तराची मर्यादा पुस्तकातून उचलू नका. माहितीतल्या जांभ्यावर आणि बेसाल्टवर वीसेक ठिपके घेऊन ठरवा.

एवढ्यावर नकाशा काढलात तर पायथ्याची तांबडी माती आणि मुरूमही जांभाच ठरेल. माती वाहून खाली येते, खडक माथ्यावरच राहतो. म्हणून ३० मीटरच्या चौकटींचं उंचीचित्र (प्रत्येक चौकटीची उंची सांगणारं) जोडा आणि साधारण ११०० मीटरच्या वरचा, दहा अंशांपेक्षा कमी उताराचा भागच ठेवा.

कडा मात्र हातानेच आखा, १:५००० वर, जास्त बारकाव्याचं चित्र मागे ठेवून. जांभ्याची कडा तुटक दिसते, खाली धोंडे पडलेले असतात. बेसाल्टच्या पायऱ्या समोच्चरेषेला (समान उंचीच्या रेषेला) धरून आडव्या जातात. दोन लाव्हाथरांमधला तांबडा बोल (मातीसारखा पातळ थर) चित्राच्या १० मीटरच्या चौकटीत सहसा वेगळा दिसत नाही, तो घाटातल्या रस्त्याच्या कापात शोधा.

शेवटी शंकेच्या जागा फोनवर घेऊन चालत जा. कासवर हातोडा चालवू नका. कडेच्या पडलेल्या धोंड्यात आरपार भोकं आणि पिवळट-तांबडी भुकटी दिसली की जांभा ओळखता येतो.