एक्मोचा फोन दहाव्या मिनिटाच्या आत

गोव्यात इमर्जन्सीत नव्याने रुजू झालेल्या डॉक्टर-नर्सना मी पहिली गोष्ट सांगते ती घड्याळाची.

समजा, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पंचेचाळिशीचा माणूस कोसळला. शेजारच्या मासळीवालीने लगेच छाती दाबायला घेतली, कुणीतरी १०८ ला फोन लावला. मॉनिटरवर व्हीएफ, म्हणजे हृदय नुसतं थरथरतंय, रक्त ढकलत नाही. तीन शॉक दिले, तरी हृदय सुरू होईना. एक्मोचा, म्हणजे शरीरातलं रक्त बाहेर घेऊन त्यात ऑक्सिजन मिसळून परत आत ढकलणाऱ्या यंत्राचा, विचार करायचा तो अशा माणसासाठी. दहा मिनिटं कुणी हातच लावला नसेल, किंवा पहिल्यापासून सरळ रेष असेल, तर बहुतेक वेळा नाही.

कोसळल्यापासून यंत्राचा प्रवाह सुरू होईपर्यंत साठ मिनिटांच्या आत व्हायला हवं. त्यात पर्वरीला गाडी अडकते ती मिनिटं धरा, नळ्या घालायला लागणारी धरा. म्हणून तिसरा शॉक फुकट गेला की लगेच फोन करा. एक्मोची टीम कुठे आणि किती वाजेपर्यंत असते, हे ड्यूटीच्या सुरुवातीलाच विचारून ठेवा. टीम नसेल तर रुग्णाला उगाच फिरवू नका. चालत्या गाडीत हाताने नीट सीपीआर होत नाही.

छाती दाबणं चालूच ठेवायचं: मिनिटाला १०० ते १२०, पाच-सहा सेंटिमीटर खोल. त्याच वेळी दुसरी टीम मांडीच्या शिरेत आणि धमनीत नळ्या घालते. शीर कुठली, धमनी कुठली हे ओळखायला रक्ताच्या रंगावर विसंबू नका. अशा वेळी धमनीतलं रक्तही काळपट असतं, आणि छातीवरच्या दाबाने शीरही उडते. सुईतून वायर गेली की सोनोग्राफीवर बघा: एक महाधमनीत, दुसरी यकृतामागच्या मोठ्या शिरेत. दोन्ही वायर डोळ्यांनी दिसल्याशिवाय डायलेटर (नळीसाठी वाट रुंद करणारं साधन) घालू नका. माझ्या लेखी अख्ख्या कामातली ही सगळ्यात महत्त्वाची पायरी.

यंत्र हृदय बरं करत नाही, कॅथलॅबमध्ये बंद रक्तवाहिनी उघडेपर्यंत मेंदू जगवतं. २०२० च्या मिनियापोलिसच्या अभ्यासात एक्मोवरचे १४ पैकी ६ जण घरी गेले, नेहमीच्या उपचारावरचा १५ पैकी एकच. २०२३ च्या नेदरलँड्सच्या अभ्यासात, अनेक रुग्णालयं मिळून, ठळक फरक दिसला नाही. माझ्या मते फरक पडतो तो रोजच्या सरावाने, म्हणून टीमने कोरड्या तालमी करत राहाव्यात.

प्रवाह मिनिटाला तीन-चार लिटरवर आला की आर्टरी लाइन (रक्त तपासायला धमनीत ठेवायची बारीक नळी) उजव्या मनगटात घाला. हृदय स्वतः धडधडू लागलं आणि फुप्फुसं खराब असली, तर मेंदूकडे कमी ऑक्सिजनचं रक्त जातं, आणि ते आधी उजव्या हातात कळतं. नळी घातलेला पाय दर तासाला चाचपा. गार, पांढुरका लागला तर पायाकडे रक्त नेणारी वेगळी बारीक नळी हवी, त्यासाठी सकाळच्या राउंडची वाट बघायची नाही.