पद्मिनी घाट उतरताना फटाके फोडते? कार्बोरेटरला हात लावू नका आधी

आंबा घाट उतरून साखरप्याकडे येताना माझी जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी सायलेन्सरमधून असे फटाके फोडायची की पुढचा बाईकवाला दचकून मागे बघायचा. मेकॅनिकने दोनदा कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) सोडला, स्क्रू फिरवले, पैसे घेतले, फटाके आपले तसेच. कारण निघालं मॅनिफोल्ड (इंजिनमधून धूर बाहेर नेणारा भाग) आणि सायलेन्सरच्या पाइपच्या जॉइंटचं पॅकिंग, पार फुंकलेलं. आपल्याकडे कोकणात खाऱ्या हवेत बोल्ट गंजून झिजतात, मग जॉइंट सैल पडतो.

आधी फटाका कधी फुटतो ते नीट ऐका, अर्धं उत्तर तिथेच आहे. उतारावर गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की फुटत असेल तर जॉइंट लीक धरा. तेव्हा थोडं न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जातं, आणि लीकमधून बाहेरची हवा आत ओढली गेली की ते तिथेच पेटतं. सायलेन्सरच्या मागच्या डब्याचं भोक नुसता आवाज वाढवतं, नडतो तो इंजिनजवळचा जॉइंट. बघायचं कसं, तर गाडी उघड्यावर ठेवून थंड इंजिन चालू करा, दुसऱ्या कोणाला जाड ओला फडका पाइपच्या तोंडावर क्षणभर दाबायला सांगा आणि तुम्ही बॉनेटपाशी कान लावा, जिथे फुसफुसतं तिथे लीक. साबणाचं पाणी लावलं तर बुडबुडेही दिसतात. बंद शेडमध्ये हे करू नका, धूर विषारी असतो.

चढावर लोड आल्यावर फुटत असेल तर इग्निशनकडे, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेकडे वळा. पॉइंट (डिस्ट्रीब्युटरमधले करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) झिजून त्यांच्यातला गॅप कमी झाला की टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे जातं, स्पार्क उशिरा पडतो आणि एक्झॉस्ट वॉल्व्ह उघडेपर्यंत आत जळणं संपलेलं नसतं. म्हणून आधी गॅप, मग टायमिंग, उलटं केलंत तर मेहनत पाण्यात. पावसाळ्यात डिस्ट्रीब्युटरची (प्लगना ठिणगी वाटून देणारा भाग) टोपी काढून आतून पुसा, काळी बारीक रेघ दिसली तर टोपी बदला, सरळ. रात्री अंधारात बॉनेट उघडून वायरींवर निळ्या ठिणग्या उडतात का तेही बघा. आणि वायरी काढल्या असतील तर फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलेंडरना ठिणगी मिळण्याचा क्रम, १-३-४-२, हे मी एकदा चुकलोय, बायको अजून हसते.

आयडलला, म्हणजे गाडी उभी असून इंजिन नुसतं चालू असताना, ठरावीक तालात फट फट येत असेल तर मात्र काळजी करा. पाइपच्या तोंडाशी कागद धरा, तो मधूनच आत ओढला गेला तर मिसिंग आहे (एखादा सिलेंडर मधूनच पेटत नाही) किंवा एक्झॉस्ट वॉल्व्ह नीट बसत नाहीये. मग कॉम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलेंडरमधला दाब मोजणं) करून घ्या, एक सिलेंडर बाकीच्यांपेक्षा खूप कमी दाखवेल. कधीकधी नुसता टॅपेट (वॉल्व्ह उघडणाऱ्या भागातली फट) टाइट असतो. टॅपेट वाजत नाही म्हणजे इंजिन मस्त असं लोक समजतात, ते खरं नाही, टाइट टॅपेटने वॉल्व्ह जळतो.

हे सगळं झाल्यावर प्लग काढून रंग बघा. फिका तपकिरी ठीक, काळी काजळी असेल तर मिक्स्चर रिच (पेट्रोल जास्त), पांढराफटक असेल तर लीन (पेट्रोल कमी), आणि लीन असलं की गाडी बऱ्याचदा कार्बोरेटरमधूनही शिंकते, तेव्हा कार्बोरेटरखालचं पॅकिंग तपासा. आताच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलने मिक्स्चर जरा लीनच होतं, आणि जुने रबरी पाइप फुगतात ते वेगळंच, तिथे हात लावताच आहात तर तेही दाबून बघा. त्यानंतरच कार्बोरेटरचा स्क्रू, तोही पाव फेरा.